कोलशेतला परत आलेला कोट

ओव्हरकोट आहे मी. जाड निळ्या लोकरीचा, घालणाऱ्याच्या पोटऱ्यांपर्यंत येणारा. ठाण्यात असले कोट कुणी घालत नाही, म्हणून लोकांना वाटतं हा साहेबाच्या देशातून आलेला असणार. पण मी अस्सल ठाण्याचा. जांभळी नाक्याजवळ एका माडीवर सहदेव मास्तरांचं शिवणकामाचं दुकान होतं, तिथे माझा जन्म झाला. साल पंच्याऐंशी.

सहदेव मास्तर शाळेचे गणवेश शिवायचे आणि लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवायचे. थंडीचा कोट त्यांनी जन्मात शिवला नव्हता. बर्फ त्यांनी फक्त मासळीबाजारात पाहिलेला. तरी त्यांनी मन लावून काम केलं. बर्फ म्हणजे शेवटी पाणीच, असा विचार करून त्यांनी मला आतून छत्रीच्या कापडाचं अस्तर लावलं. खांदे मात्र सवयीने बँडवाल्यांसारखे ताठ झाले. पुढे परदेशात कितीतरी जणांनी सरोजला विचारलं, की तू काय वाजवतेस?

सरोज म्हणजे माझी मालकीण. कोलशेतच्या कोळीवाड्यातल्या गुणाजी आणि मनुबाईची एकुलती एक मुलगी. गुणाजी खाडीत जाळं टाकायचा, मनुबाई ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. माझी लोकर गुणाजीने एका ओळखीच्या खलाशाकडून आणली होती आणि मास्तरांकडे मापं द्यायला ती तिघंही आली होती. मनुबाई पुन्हा पुन्हा सांगत होती, जरा सैल ठेवा, पोरगी तिकडे जाऊन अंगाने भरेल.

सरोज निघाली होती रशियाला. त्या काळी ठाण्यात मैदानावर पुस्तकांची प्रदर्शनं लागायची. रशियन पुस्तकं मराठीत भाषांतर करून अगदी स्वस्तात विकायचे. मनुबाईची टोपली उचलायला आलेली सरोज तिथे घुटमळायची. पुस्तकांवरून भाषेचं वेड लागलं, मुंबईत रशियनचे वर्ग होते तिथे ती जाऊ लागली आणि एक दिवस तिला तिकडच्या विद्यापीठात शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. सहा वर्षं. राहणं, खाणं, शिकणं सगळं त्यांच्याकडून.

ठाण्यातल्या कॉलेजात तिचे दिवस काही सुखाचे नव्हते. ती 'मला', 'तुला'च्या जागी घरच्या बोलीतलं 'मना', 'तुना' बोलून गेली की मुलं हसायची. तिच्या बसण्याच्या बाकापाशी कुणी मुद्दाम नाक दाबायचं. तेव्हापासून ती वर्गात बोलायचीच बंद झाली होती. हे मला माहीत, कारण पुढे ते तिने एका परक्या बाईला सांगितलं आणि तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो.

कोळीवाड्यात चर्चा झाली. एकटी पोरगी एवढ्या लांब कशाला पाठवता, असं लोक गुणाजीला येऊन सांगत होते. गुणाजी कमी बोलणारा माणूस. कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागून बरीच वर्षं झाली होती. जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायचं. तो एवढंच म्हणाला, "आमची खाडी मेली. पोरीला दुसऱ्या पान्याला जाऊ दे."

वोरोनेझ नावाच्या शहरात आम्ही पोचलो. पहिल्या महिन्यात मी नुसता तिच्या हातावर होतो. मग एका सकाळी ती बाहेर पडली आणि तिच्या नाकातलं पाणी गोठलं. तेव्हा मला कळलं, की मी कशासाठी आहे.

तिकडे इमारतीत कोट घालून फिरू देत नाहीत. दाराशीच कोट ठेवायची खोली असते, तिथे एक म्हातारी बाई कोट घेते आणि पितळी बिल्ला देते. पहिल्याच दिवशी त्या म्हातारीने मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि सरोजवर ओरडायला लागली. मुंबईच्या वर्गात रशियन शिकूनही सरोजला त्या ओरडण्यातलं एक अक्षर कळेना. ती रडवेली झाली. मागे एक उंच, करड्या केसांच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी हाताने दाखवून समजावलं, की कोटाला मानेपाशी खुंटीवर अडकवायची पट्टी नाही, म्हणून म्हातारी चिडली आहे. सहदेव मास्तरांना हे ठाऊक असायचं कारणच नव्हतं. बाईंनी आपल्या पर्समधून सुईदोरा काढला, तिथेच बाकावर बसल्या आणि काळ्या फितीचा एक तुकडा माझ्या मानेला शिवून टाकला. शिवता शिवता त्या सरोजकडून एक वाक्य वदवून घेत होत्या. 'माझ्या कोटाला पट्टी नाही.' सरोज म्हणायची, त्या दुरुस्त करायच्या. दोरा संपेपर्यंत वाक्य बिनचूक झालं होतं.

त्यांचं नाव नीना ग्रिगोरेव्हना. मी आपला नीनाबाईच म्हणतो. विद्यापीठात त्या उच्चारशास्त्र शिकवायच्या.

ती कोटांची खोली हे माझं विद्यापीठ. व्हिएतनामच्या मुलांचे पातळ कोट, इथिओपियाच्या एकाचा माझा सख्खा भाऊ वाटावा असा लांब कोट, तिकडच्या मुलींचे फरच्या कॉलरचे कोट, सगळे दाटीवाटीने टांगलेले. दिवसभर त्या म्हातारीची बडबड ऐकून ऐकून मीही भाषा शिकलो. व्याकरण नाही आलं, पण समजतं सगळं.

सरोज मात्र व्याकरणासकट शिकली. दुसऱ्या वर्षापर्यंत ती बाजारात बोलायला लागली की बायका वळून पाहायच्या, की ही काळीसावळी मुलगी आपल्यासारखी कशी बोलते. नीनाबाई तिला घरी बोलवायच्या. एकटीच बाई, एक खोली, पुस्तकं आणि बटाट्याचं सूप. तिथेच एका संध्याकाळी सरोजने कॉलेजातल्या हसणाऱ्या मुलांची गोष्ट सांगितली. नीनाबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, की तुझे वडील जाळ्यांना काय म्हणतात? एकच नाव आहे की वेगवेगळी? सरोजने सांगायला सुरुवात केली आणि नीनाबाईंनी चष्मा लावला.

तिचा शेवटचा प्रबंध त्यातूनच झाला. तिकडच्या डोन नदीवरच्या मासेमारांचे शब्द आणि कोलशेतच्या कोळ्यांचे शब्द. भरतीओहोटीला काय म्हणतात, होडीच्या कुठल्या भागाला काय म्हणतात, मासळी नासली तर काय म्हणतात. ज्या बोलीवरून तिला ठाण्यात हसले, ती बोली तिने परदेशी फळ्यावर खडूने लिहिली आणि प्राध्यापकांनी वहीत उतरवून घेतली. त्या दिवशी ती खाली आली तेव्हा म्हातारीने मला पुढे केलं, पण सरोज मला घालायचंच विसरली. मला हातात धरून तशीच बर्फात चालत सुटली. मी त्या दिवशी निरुपयोगी होतो आणि मला त्याचा आनंद होता.

ते तिचे सगळ्यात चांगले दिवस. हे तेव्हा तिलाही कळत नव्हतं, मलाही.

शेवटच्या दोन वर्षांत तिकडे दिवस फिरले. दुकानांतल्या फळ्या रिकाम्या झाल्या. साबणाला कुपनं आली, साखरेला कुपनं आली. नीनाबाई शिकवून झालं की रांगेत उभ्या राहायच्या. कधी कधी सरोज त्यांच्या जागी उभी राहायची, मला घालून. निरोपाच्या दिवशी सरोज म्हणाली, की मला जावंसं वाटत नाही. नीनाबाई म्हणाल्या, "तू जा. तुझा देश आमच्याशी एवढा व्यापार करतो, तिथे तुला कामाची कमी पडणार नाही. इथे आता काय होईल सांगता येत नाही."

एक्क्याण्णवच्या जुलैत आम्ही कोलशेतला परतलो.

घर माणसांनी भरून गेलं. मनुबाईने कोळंबीचं कालवण केलं, शेजारणी येऊन बसल्या. सगळ्यांनी प्रश्न विचारले. थंडी किती असते? तिकडे मासे मिळतात का? बर्फ खारट लागतो का? तिकडचे लोक देवाला मानतात का? मला सगळ्यांनी हात लावून पाहिलं, एकदोघांनी घालूनही पाहिलं आणि घामाघूम होऊन काढलं. सरोजने पेटीतून प्रबंध काढून समोर ठेवला होता. जाड, लाल बांधणीचा. एका शेजारणीने त्यावर सरबताचा पेला ठेवला. मुद्दाम नव्हे, जागा नव्हती म्हणून. सरोजने तो हळूच बाजूला केला आणि प्रबंध परत पेटीत ठेवला. ती काय शिकली, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. पुढेही नाही.

मी दारामागच्या खिळ्यावर गेलो. खिशात डांबराच्या गोळ्या.

नोकरी मात्र तिला लगेच मिळाली. वागळे इस्टेटमध्ये एक कारखाना होता, टूथपेस्ट आणि शांपू बनवायचा. बराचसा माल रशियाला जायचा. मालकांना वेष्टनावरचा मजकूर लिहायला, तिकडचे निरोप वाचायला माणूस हवा होता. सरोज रोज संध्याकाळी येऊन मनुबाईला सगळं सांगायची, म्हणून मला ते खिळ्यावर बसून कळायचं. तिथे तिला सरोज मॅडम म्हणत. तिला स्वतःचं टेबल होतं. टूथपेस्टच्या खोक्यावर काय लिहायचं यावर ती चारचार दिवस विचार करायची. नुसतं 'दात स्वच्छ होतात' असं लिहिलेलं तिला आवडायचं नाही. शेवटी तिने लिहिलं, 'सकाळी पहिलं हसू घरच्यांसाठी.' ते रशियनमध्ये फार छान वाटतं, असं तिने आईला सांगितलं. मनुबाईने मान डोलावली आणि भाकरी उलटली.

तिकडच्या बातम्या वाईट येत होत्या. सरोजने मालकांना विचारलंही. ते म्हणाले, की सरकारं येतात आणि जातात, दात तर सगळ्यांना घासावेच लागतात.

डिसेंबरात टीव्हीवर सांगितलं, की तो देश आता राहिला नाही. शेजारच्या घरी टीव्ही होता. सरोज तिथून आली आणि तिने घरात ते सांगितलं. गुणाजीला नीट समजलं नाही. तो म्हणाला, अख्खा देश कसा जाईल? जमीन तर तिथेच असेल. ती म्हणाली, हो बाबा, जमीन तिथेच आहे.

कारखान्याला तिकडून निरोप येणं बंद झालं. माल तयार होऊन पडला होता, पण घेणारं कुणी उरलं नाही. पावसाळ्याआधी मालकांनी सरोजला बोलावून सांगितलं, की आता रशियन वाचायला काही येतच नाही, तर वाचणारं माणूस ठेवून काय करू. माणूस वाईट नव्हता. त्यांचा स्वतःचा कारखानाही वर्षभरात बंद पडला.

तो पडून राहिलेला माल मग टेम्पोतून गावोगाव स्वस्तात विकला गेला. कोलशेतलाही आला. सगळा कोळीवाडा ती टूथपेस्ट वापरायला लागला. खोकी अंगणात पडायची, मुलं त्यांच्या होड्या करून गटारात सोडायची. सरोज पाणी भरायला जायची तेव्हा तिची वाक्यं चिखलात तिच्या पायाखाली यायची. वाचणारी अख्ख्या गावात ती एकटीच होती. एकदा मनुबाईने एक खोकं उचलून कौतुकाने विचारलं, की हे तूच लिहिलंस ना गो? सरोजने तिच्या हातून ते घेतलं आणि चुलीत घातलं.

मग वणवण सुरू झाली. मुंबईतल्या कॉलेजांत रशियनला विद्यार्थीच येईनात, तर मास्तर कुठून लागणार? ठाण्यात, डोंबिवलीत, कल्याणला ती जिथे जिथे मुलाखतीला गेली, तिथे साहेब तिचा कागद पाहायचे आणि हसून म्हणायचे, रशिया? तो देश तर बुडाला ना? एकाने विचारलं, की सहा वर्षं तिकडे होतात, तर इंग्रजी कसं आहे? ती शिकवण्या घेऊ लागली. कधी एखाद्या जुन्या रशियन यंत्राची माहिती मराठीत करून द्यायचं काम मिळायचं, तेही पुढे बंद झालं.

स्थळं यायची. मुलीचं वय वाढलेलं, शिक्षण जास्त आणि नोकरी नाही. एका घरच्या बाईने मनुबाईला हळूच विचारलं, की पोर एकटी तिकडे राहिलेली, काही भानगड तर नव्हती ना? मनुबाईने त्या बाईला चहाही न देता घालवलं. त्यानंतर स्थळांचं बोलणं कमी कमी होत गेलं.

गुणाजीने होडी विकली, कारण खाडीत जाण्यात काही अर्थच उरला नव्हता. तो दिवसभर ओट्यावर बसायचा. एकदा सरोज अर्जांच्या पाकिटांना डिंक लावत होती, तेव्हा तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुला पाठवून चुकलो काय गो मी?"

"नाय बाबा," ती म्हणाली आणि हंडा घेऊन बाहेर गेली. हंडा भरलेलाच होता.

चौऱ्याण्णवच्या अखेरीस उल्हासनगरहून निरोप आला. तिथे जीन्स आणि जॅकेटं शिवणारी दुकानं पुष्कळ. आता रशियाहून माणसं स्वतःच मोठमोठ्या पिशव्या घेऊन येऊ लागली होती, इथला माल घ्यायचा आणि तिकडच्या बाजारात नेऊन विकायचा. आनंदशेठ नावाच्या एका दुकानदाराला बोलणारं माणूस हवं होतं. सरोज गेली. शेठ बोलायला मोकळा होता. त्याने विचारलं, तुझ्याकडे तिकडे घातलेला कोट असेल तर घेऊन ये, आमच्या कारागिरांना माप बघता येईल. म्हणून मी खिळ्यावरून उतरलो आणि त्या दुकानात जाऊन टांगला गेलो. माझ्या चारी बाजूंना झगझगीत जॅकेटं होती. ती माझ्याशी बोलली नाहीत.

गिऱ्हाईकं यायची, दमलेली, डोळे तारवटलेली. सरोज त्यांच्याशी बोलायची. पुष्कळ दिवसांनी मी तिचं ते बोलणं ऐकलं. सुरुवातीला जीभ अडखळत होती, मग सुटली. तिचा चेहरा जरा उजळला होता, असं मला वाटलं.

जानेवारीत एक घोळका आला. चौकटीच्या मोठ्या पिशव्या घेतलेल्या पाचसहा बाया. शेठने आधीच सरोजला बजावलं होतं, की कोपऱ्यातला जॅकेटांचा ढीग जुना आहे, चेनी कच्च्या आहेत, आतला कापूस गोळा झालाय, पण ते काही बोलायचं नाही. तो लॉट आज गेला पाहिजे.

सरोज पाठमोरी होऊन वरची जॅकेटं काढत होती आणि काढता काढता भाव सांगत होती. मागून एक बाई म्हणाल्या, "हा आवाज मी ओळखते."

सरोज वळली. नीनाबाई होत्या.

केस आता करडे नव्हते, पांढरे झाले होते. अंगावर पुरुषी स्वेटर. हातात तीच चौकटीची पिशवी. नीनाबाईंची नजर क्षणभर खाली गेली, पिशवीकडे. मग त्यांनी ती पायामागे सरकवली, जणू ती दुसऱ्या कुणाची होती.

शेठने खुर्ची दिली, चहा मागवला. सरोजने विचारलं, विद्यापीठ? नीनाबाई म्हणाल्या, की आहे, शिकवते अजून. पगार कधी येतो, कधी येत नाही. शनिवार-रविवार बाजारात उभी राहते. कधी विद्यार्थीच गिऱ्हाईक म्हणून येतात, तेव्हा रुमाल पुढे ओढून घेते. हे सगळं त्यांनी स्वच्छ, नेमक्या उच्चारांत सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं.

मग त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या ढिगाकडे गेल्या. त्यांनी जॅकेटं निवडायला घेतली. शेठ गल्ल्यावरून सरोजकडे बघत होता. सरोज त्यांच्या जवळ गेली आणि हसऱ्या चेहऱ्याने, भाव सांगावा तशा आवाजात रशियनमध्ये म्हणाली, "ही घेऊ नका. चेनी महिन्याभरात जातील. आतला कापूस जुना आहे."

नीनाबाईंनी मान वर केली नाही. "माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "हात लावल्याबरोबर कळलं. चांगली घेतली तर ती आमच्याकडे कुणाला परवडणार नाहीत."

त्यांनी तीच जॅकेटं घेतली. पिशवी भरून, गुडघ्याने दाबून दाबून. सरोजने गाठी मारायला मदत केली. निघताना नीनाबाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, की तू तरी भाषेवर जगते आहेस, मला बरं वाटलं. सरोज हो म्हणाली. तेवढ्यात तिने मला खिळ्यावरून काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. तिकडे आता थंडी असेल, तुमच्या अंगावर नुसता स्वेटर आहे, हा घ्या.

नीनाबाईंनी मला दोन्ही हातांवर घेतलं. मला वाटलं, आता मी पुन्हा बर्फात जाणार. त्यांनी मला तोललं. मग परत सरोजच्या हातावर ठेवलं.

"फार जड आहे," त्या म्हणाल्या. "विमानात मोजून तेवढंच वजन नेऊ देतात. याच्या जागी तीन जॅकेटं जातील."

त्या गेल्यावर शेठने विचारलं, की एवढं काय बोलत होतीस? सरोजने खरं ते सांगून टाकलं. मला वाटलं तो चिडेल. शेठ जरा विचारात पडला आणि मग खूश झाला. म्हणाला, "सांगूनही घेतला ना माल? मग आता सगळ्यांना सांगत जा. म्हणतील, बाई इमानदार आहे."

सरोज त्या दिवशी काम संपवून मला हातावर टाकून घरी आली, ती पुन्हा उल्हासनगरला गेली नाही. घरी तिने कारण सांगितलं, की जाणं-येणं लांब पडतं.

त्यानंतर माजिवड्याच्या नाक्यावर एका ट्रान्सपोर्ट कंपनीत तिला कारकुनाची नोकरी लागली. कुठला ट्रक कुठे निघाला, त्यात काय भरलंय, हे लिहायचं. ती नोकरी अजून आहे. गुणाजी दोन वर्षांमागे गेला. ट्रक येतात, जातात. ती लिहिते आणि घरी येते. शिकवण्या नाहीत, अर्ज नाहीत. प्रबंध पेटीत आहे. पेटी उघडत नाहीत, कारण तिच्यावर गाद्या रचलेल्या आहेत.

खिळ्यावर लटकून मी पुष्कळ पाहिलं. परदेशातून शिकून आलेल्या माणसाला लोक विचारतात, तिकडे थंडी किती, तिकडे पगार किती, काय काय आणलंस. तुमच्याही घरी, शेजारी असं कुणी परत आलेलं असेल. त्याचं पुढे काही झालं असेल, नसेल. त्याला एकदा तरी बसवून विचारा, की तू तिकडे काय शिकलास? आणि सांगू लागला तर मध्ये उठू नका. माझं मागणं एवढंच.

माझं स्वतःचं म्हणाल, तर मी आता कोट राहिलेलो नाही. मनुबाईचे गुडघे आणि कंबर गेली आहे, पण ती बाजारात बसायचं सोडत नाही. मासळीबाजाराचा ओटा कायम ओला असतो आणि गार दगड तिच्या हाडांत शिरतो. मी आता तिची बैठक आहे. चार पदरी, दोऱ्याने टाचलेली. बर्फाचं पाणी माझ्यापर्यंत येतं, पण तिच्यापर्यंत पोचत नाही.

ज्या रविवारी सरोजने मला कापलं, त्या दुपारची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

तिने मला चटईवर पसरलं. खिसे उलटे करून झटकले. खडूने रेघा आखल्या. मनुबाई भिंतीला टेकून बघत होती. मग मनुबाई म्हणाली, "बाय, त्या भाषेत कायतरी बोल ना. एवढी वर्सं शिकलीस, मी कवा आयकलीच नाय."

सरोज म्हणाली, काय बोलू? मनुबाई म्हणाली, काय पन बोल, मना थोडीच कळनार हाय.

सरोजचा हात माझ्या बाहीवर होता. ती बोलू लागली. पहिले दोन शब्द अडकले, मग ती थांबेना. मनुबाई तोंड जरा उघडं ठेवून ऐकत होती. त्या घरात ती भाषा समजणारा मी एकटाच होतो, म्हणून तुम्हाला सांगू शकतो.

ती म्हणाली, "आये, तिथे मी हुशार होते. मी बोलायला उभी राहिले की लोक गप्प होऊन ऐकायचे. तुझे शब्द मी तिथे फळ्यावर लिहिले, तू बाजारात बोलतेस ते. तुला सांगायचं होतं, पण सांगायला घेतलं की इथे काहीतरी उतू जायचं नाहीतर कुणीतरी यायचं. बाबांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. खरं सांगितलं की खोटं, मला अजून कळत नाही. मी थकले आये. मला कुणीतरी काहीतरी विचारावं असं वाटतं."

ती थांबली. बाहेर कुणाच्या तरी अंगणात सुकट वाळत घातली होती, तिच्यावर कावळे आले होते.

मनुबाई म्हणाली, "ग्वाड हाय गो भाषा. काय बोललीस?"

"म्हटलं, उद्यापासून तुला बसायला मऊ होईल," सरोज म्हणाली आणि तिने कात्री उचलली.